परतीच्या गाडीपासून आखलेली वाट

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून पोर्ट्स्मथच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसले, की तासाभरात हेझलमिअर हे सरे काउंटीच्या दक्षिण टोकाचे लहानसे गाव येते. स्थानकाबाहेर पडून अर्धा-पाऊण तास चालल्यावर घरे संपतात, ओक, बर्च आणि पाइनची झाडी सुरू होते, आणि ती झाडी चढत चढत जाऊन एका उघड्या, वाऱ्याच्या माळावर संपते. ऑगस्टमध्ये हा माळ जांभळा असतो. माझ्याकडे मोटार नाही आणि ती घेण्याचा विचारही नाही, त्यामुळे लंडनमध्ये राहायला आल्यापासून गेली काही वर्षे मी अशा जागा केवळ आगगाडी आणि बसच्या आधाराने शोधत आले आहे. पुण्यात असताना आगगाडीने कर्जत गाठायचे, पुढे एसटी पकडायची आणि पायथ्याच्या गावातून चढायला लागायचे, हीच आमची रीत होती. ती रीत इथे जशीच्या तशी लागू पडेल असे मी धरून चालले होते. ते तसे नव्हते, आणि त्यात नेमके काय बदलावे लागले ते इथे लिहीत आहे.

पहिला प्रयत्न मी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, एका रविवारी एकटीने केला. हेझलमिअरहून निघून माळ ओलांडायचा, पलीकडच्या एखाद्या खेड्यात उतरायचे आणि तिथून बसने जवळचे स्थानक गाठायचे, एवढाच आराखडा मनात होता. चालण्याच्या वाटेचा मी बारकाईने अभ्यास केला होता, पण शेवटच्या बसचा केला नव्हता. खेड्यातल्या थांब्यावर पोहोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. खांबावरच्या वेळापत्रकात सोमवार ते शनिवार एवढेच वार होते आणि रविवारचा रकानाच नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. पदपथ नसलेल्या, दोन्ही बाजूंनी उंच कुंपणे असलेल्या अरुंद रस्त्यावरून अंधारात चालणे धोक्याचे होते, म्हणून शेवटी टॅक्सी बोलवावी लागली आणि तिची वाट पाहत तासभर थांब्यावर बसून राहावे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे राहायला आले. त्यांची सारी नोकरी एसटीत गेली आणि शेवटची कित्येक वर्षे ते सातारा जिल्ह्यात वाहतूक नियंत्रक होते. मी त्यांना हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वाटेबद्दल नव्हता. "अगं, परतीची गाडी किती वाजताची होती?" मी गप्प राहिले. मग ते म्हणाले, "आधी परतीची गाडी बघायची. तिच्यानंतरची बघायची. ती चुकली तर काय, ते ठरवायचे. आणि मग घरून कधी निघायचे ते बघायचे." मुक्कामी गाडी, शेवटची फेरी, रविवारी रद्द होणारी फेरी हे सगळे ज्यांनी आयुष्यभर फळ्यावर खडूने लिहिले, त्यांना हे सांगण्यासाठी विचार करावा लागला नाही. मला मात्र त्या एका वाक्याने सगळी आखणी उलट्या टोकाकडून करायला शिकवले.

तसे बसून पाहिल्यावर पहिला निर्णय आपोआप झाला. शेवट बसथांब्यावर न करता रेल्वे स्थानकावरच करायचा. हेझलमिअरच्या आधी, लंडनच्या बाजूला, याच मार्गावर विटली नावाचे छोटे स्थानक आहे. हेझलमिअरला उतरून माळ ओलांडत विटलीपर्यंत चालत आले, तर दोन्ही टोकांना गाडी मिळते. शिवाय हेझलमिअरपर्यंतचे जाण्यायेण्याचे तिकीट काढले, की परतीचा प्रवास अलीकडच्या विटलीहून सुरू करायलाही तेच चालते. तिकीट दूरच्या स्थानकाचे घ्यावे आणि परत अलीकडच्या स्थानकातून यावे, ही साधी गोष्ट मला वर्षभर सुचली नव्हती. मोटारीने येणाऱ्याला जिथे गाडी उभी केली तिथेच परत यावे लागते, म्हणून त्याची वाट नेहमी गोल फिरून येते. आम्हाला तसे बंधन नव्हते. एका खोऱ्यातून निघून दुसऱ्या खोऱ्यात उतरता येणे हा आगगाडीने जाण्याचा सर्वांत मोठा लाभ आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा टेबलावर पसरला. या प्रमाणात नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांच्या वाटा, लांब तुटक रेषा म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटा, आणि फिकट पिवळी छटा दिलेला भाग म्हणजे २००० सालच्या कायद्याने सर्वांना पायी फिरण्यास मोकळा झालेला प्रदेश. डोंगर, माळ, हीथ (निकस जमिनीवरचा झुडपांचा माळ) आणि नोंदलेली सामाईक जमीन यांचा त्यात समावेश होतो. दोऱ्याने मोजले तेव्हा आमची वाट साडेसतरा किलोमीटर भरली आणि समोच्च रेषा मोजून एकूण चढ साडेतीनशे मीटरच्या आसपास आला. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा असा आहे, की तासाला तीन मैल धरावे आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास वाढवावा. त्या हिशोबाने चार तासांहून थोडा अधिक वेळ लागायला हवा होता. बाबांचे वय अडुसष्ट, म्हणून आम्ही त्याची दीडपट केली, वर जेवणाचा आणि थांबण्याचा तास धरला आणि सव्वासात तास ठरवले. विटलीची पाचच्या आतली गाडी पक्की केली, तिच्यानंतरची लिहून ठेवली. वाटेत कुणाला त्रास झाला तर वाटेवरच्या हाइंडहेड गावाहून हेझलमिअरला परत आणणारी शनिवारची बस कुठे थांबते, तेही लिहिले. आदल्या रात्री रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्या बंद तर नाहीत ना, हे पाहून घेतले. इंग्लंडमध्ये ही दुरुस्ती बहुधा शनिवार-रविवारीच काढतात, म्हणून ही तपासणी कधीही टाळू नये. बाबांनी हे सारे एका कागदावर उतरवून खिशात ठेवले, कारण खोल दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

२०२४ च्या ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी साडेनऊला आम्ही हेझलमिअरला उतरलो. इथूनच ग्रीनसँड वे ही १७४ किलोमीटरची लांब पायवाट सुरू होते आणि केंट काउंटीतल्या हॅमस्ट्रीटला संपते. गावातून निघालेली वाट घरांच्या बागांमागून हळूच झाडीत शिरली. सुरुवातीचे जंगल ओलसर आणि गर्द होते, बीच आणि ओकची जुनी झाडे, पायाखाली गेल्या वर्षीची पाने. कुठे वाट फुटली, की खांबावर पिवळा बाण दिसे. पिवळा बाण पादचाऱ्यांचा, निळा घोडेस्वारांचा. बाबांना ही व्यवस्था फार आवडली. प्रत्येक खांबापाशी थांबून ते बाण आणि नकाशा ताडून पाहत होते.

झाडी विरळ होऊन हाइंडहेडचा माळ सुरू झाला, तेव्हा बाबांनी विचारले, "ही जमीन कुणाची?" उत्तर सोपे नव्हते. इंग्रजीत जिला कॉमन म्हणतात ती जमीन आपल्या गायरानाची आठवण करून देते, पण तिची मालकी जमीनदाराकडे असे आणि आसपासच्या गावकऱ्यांना तिच्यावर गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा, जळणासाठी मातीचे गवताळ थर कापून नेण्याचा वहिवाटीचा हक्क असे. एकोणिसाव्या शतकात लंडन वाढत गेले तशा या जमिनी कुंपणे घालून बळकावल्या जाऊ लागल्या आणि त्या वाचवण्यासाठी १८६५ साली एक संस्था उभी राहिली. तिचे वकील रॉबर्ट हंटर पुढे या हेझलमिअरमध्येच राहत असत. त्यांनी ऑक्टेव्हिया हिल आणि हार्डविक रॉन्सली यांच्यासह १८९५ साली अशा जागा विकत किंवा देणगीत घेऊन जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टची स्थापना केली आणि १९०६ साली हाइंडहेडचा हा माळ ट्रस्टकडे आला. १८५९ साली हेझलमिअरपर्यंत रेल्वे पोहोचली, म्हणून लंडनकरांना हा माळ कळला. त्यामुळे घरे बांधणाऱ्यांचे लक्ष इथे वळले, आणि माळ राखावा असे वाटणारी माणसेही त्याच गाडीने आली. आमच्या गावाकडच्या गायरानांचे गेल्या पन्नास वर्षांत काय झाले ते बाबांनी पाहिले आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हीथ म्हणजे काय, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. जमीन वाळूची, आम्लधर्मी आणि इतकी निकस की तिच्यावर पीक येत नाही. तिच्यावर गुडघ्याएवढी, काटक, बारीक पानांची हीदरची झुडपे पसरलेली असतात. तिच्या तीन जाती इथे ओळखायला शिकावे. बेल हीदर जुलैपासूनच गडद जांभळी होते. लिंग नावाची दुसरी जात ऑगस्टच्या मध्यापासून फिकट गुलाबी-जांभळी फुलते आणि सगळा माळ तीच व्यापते. तिसरी, पानांची चौकडी असलेली, ओलसर खळग्यांत सापडते. त्यांच्या मधूनमधून पिवळ्या फुलांचे काटेरी गॉर्स. उन्हे चढली तशी हवेत मधाचा वास भरला आणि मधमाश्यांचा आवाज इतका सलग होता, की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला. साताऱ्याच्या माणसाला अशा वेळी कास आठवणारच. पण कासच्या पठारावरची फुले जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत पावसापाठोपाठ उमलून काही आठवड्यांत जातात. इथले हीदर हे बारमाही झुडूप आहे, ते हिवाळाभर तपकिरी होऊन तिथेच उभे असते.

आणखी एक मोठा फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय हा माळ समजत नाही. हीथ माणसाने घडवलेला आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसाने इथली झाडे तोडली, आणि त्यानंतर गुरांनी चरून व गावकऱ्यांनी झुडपे कापून त्या जागी पुन्हा जंगल होऊ दिले नाही. चराई थांबली की दहा-वीस वर्षांत बर्च आणि पाइनची रोपे माळ गिळून टाकतात. १८०० सालापासून ब्रिटनमधला सखल भागातला ऐंशी टक्क्यांहून अधिक हीथ नांगरणी, लागवडीची जंगले, बांधकाम आणि दुर्लक्ष यांमुळे नाहीसा झाला. म्हणून आज तो राखण्यासाठी मुद्दाम गुरे सोडली जातात आणि बर्चची कोवळी झाडे कापली जातात. वाटेच्या कडेला कापलेल्या बर्चचा ढीग पाहून बाबा अस्वस्थ झाले होते. झाड तोडणे म्हणजे निसर्ग राखणे, हे पचायला वेळ लागतो. आफ्रिकेतून येणारा रातवा इथे उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्याला झाडांची दाटी चालत नाही. म्हणूनच मार्च ते जुलै या काळात कुत्र्यांना आखूड दोरीने बांधून न्यावे लागते.

साडेअकराला आम्ही जिबेट हिलवर पोहोचलो. उंची २७२ मीटर, सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही, पण सरे काउंटीतली ही दुसऱ्या क्रमांकाची उंच जागा आहे आणि उत्तरेकडे मैलोन्‌मैल झाडीच दिसते. १७८६ साली पोर्ट्स्मथकडे पायी निघालेल्या एका खलाशाचा याच रस्त्यावर तीन जणांनी खून केला आणि पुढच्या वर्षी त्या तिघांना इथे टांगण्यात आले. टेकडीचे नाव त्या फाशीच्या खांबावरून पडले. तिथे आता ग्रॅनाइटचा क्रूस आहे. आम्ही त्याच्या पायथ्याशी बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असे जेवण केले.

बाबांना मात्र क्रूसापेक्षा त्याच्याखालून जाणाऱ्या सपाट हिरव्या पट्ट्याचे कुतूहल अधिक होते. हा पट्टा म्हणजे पूर्वीचा लंडन-पोर्ट्स्मथ महामार्ग. २०११ सालापर्यंत तो डेव्हिल्स पंच बोल या प्रचंड खोलगट दरीच्या काठाकाठाने जात होता आणि हाइंडहेडच्या चौकात वाहनांच्या रांगा लागत. त्या वर्षी जुलैमध्ये माळाच्या पोटातून जाणारा १.८३ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. त्यानंतर वरचा डांबरी रस्ता बंद करून काढण्यात आला आणि त्या जागी हीदर रुजवण्यात आले. आम्ही त्यावरून चाललो तेव्हा तो रस्ता होता हे सांगितल्याशिवाय कळले नसते. खंबाटकीच्या घाटातली कोंडी सोडवण्यात ज्यांच्या कित्येक रात्री गेल्या, त्या माणसाने वाकून तिथली माती हातात घेऊन पाहिली. वाहनांचा आवाज खाली कुठेतरी, डोंगराच्या आत होता. वर आम्हाला फक्त वारा ऐकू येत होता.

पंच बोलची दरी कशी झाली याची सैतानाची दंतकथा आहे, पण खरे कारण मला त्याहून विलक्षण वाटते. वरचा वालुकाश्म सच्छिद्र आहे, त्याखाली चिकणमातीचा थर आहे. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते, मातीपाशी अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. ते झरे वरच्या खडकाचा पाया पोखरतात, खडक ढासळतो, आणि अशा रीतीने ही वाटी मागे मागे सरकत मोठी होत गेली. या दरीत एके काळी बर्चच्या डहाळ्यांचे झाडू बांधून विकणारी माणसे राहत. आम्ही काठाने उतरत थर्झली गावाकडे निघालो. उतरणीची वाट खोल गेलेली, दोन्ही बाजूंना मुळे उघडी पडलेली आणि इतकी सावलीची होती, की बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

थर्झलीच्या चर्चच्या आवारात त्या खलाशाचे थडगे आहे. त्याचे नाव कुणालाच कळले नाही, तरी गावकऱ्यांनी दगड उभा केला. गावाबाहेरचा थर्झली माळ हा सखल आणि दलदलीचा आहे. तिथे लाकडी फळ्यांच्या पुलांवरून चालत चतुर पाहता येतात. २०२० च्या मेमध्ये लागलेल्या आगीत या माळाचा मोठा भाग जळाला होता. वेळ राखून होतो म्हणून आम्ही त्याच्या कडेपर्यंतच गेलो आणि मागे वळलो. त्या जागेला स्वतंत्र दिवस द्यायला हवा.

महामार्ग मागे टाकून पूर्वेकडे वळल्यावर आमची चूक झाली. ऑगस्टमध्ये ब्रॅकन नावाचा नेचा डोक्याहून उंच वाढतो आणि कमी वापराच्या वाटा त्यात बुडून जातात. एका फाट्यावर बाण असलेला खांब नेच्याने झाकला होता आणि आम्ही रुळलेली, पण चुकीची वाट धरली. वीस मिनिटांनी उतार लागला. नकाशाप्रमाणे तिथे चढ हवा होता. बाबा थांबले आणि म्हणाले, "आता पुढे जायचे नाही. शेवटी जिथे खात्री होती तिथे परत." मला वाटत होते, की झाडीतून आडवे कापले तर वेळ वाचेल. त्यांनी ऐकले नाही, आणि ते बरोबर होते, कारण परत आल्यावर नेचा बाजूला केला तर खांब दोन हातांवर होता. त्यात चाळीस मिनिटे गेली. नेच्यातून चालल्यावर पायांना गोचीड चिकटतात आणि त्यांतून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून आम्ही विजारी मोज्यांत खोचल्या होत्या, तरीही फाट्यावर उभे राहून दोघांनी पाय नीट तपासले. बाबांच्या मोज्यावर एक सापडली, ती चिमट्याने काढली.

पुढची वाट कुरणांतून आणि ओकच्या छोट्या रायांतून गेली. तिचे वर्णन करण्यासारखे फारसे नाही, आम्ही दमलो होतो. विटलीला पोहोचलो तेव्हा ठरवलेली गाडी सुटून दहा मिनिटे झाली होती. त्या दिवशीच्या वेळापत्रकात पुढची गाडी पन्नास मिनिटांनी होती आणि ती बाबांच्या कागदावर आधीच लिहिलेली होती. त्यामुळे धावपळ झाली नाही, बोलणेही झाले नाही. फलाटावरच्या बाकावर बूट काढून आम्ही उरलेला चहा प्यालो. अंधार पडायला तीन तास होते.

बाबा परत गेल्यावर नोव्हेंबरमध्ये हीच वाट मी एकटीने पुन्हा केली, मात्र उलटी, विटलीहून हेझलमिअरकडे. दिवस लहान असतो आणि विटलीला गाड्या कमी थांबतात, त्यामुळे उशीर झालाच तर तो जास्त गाड्यांच्या स्थानकाकडे जाताना व्हावा, असा हिशोब होता. ब्रॅकन वाळून तांबूस होऊन आडवा पडला होता आणि ऑगस्टमध्ये न दिसलेला तो खांब लांबूनच दिसला. माळावर हीदर तपकिरी, बर्च पिवळे, आणि गॉर्सवर मात्र फुले होती. जिबेट हिलवरून बाबांना फोन लावला. त्यांनी विचारले, "गाडी किती वाजताची?" या वेळी मी तिची वेळ सांगितली आणि तिच्यानंतरचीही.